अर्धा चमचा मलम

१

सोमवारी सकाळी स्वप्नालीनं आरशात बघितलं आणि आरसा पालथा घातला. दोन्ही गाल लालबुंद सुजले होते. कपाळावरचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटत होतं. लग्नाला बावीस दिवस उरले होते.

तोंडाला तिनं एकच गोष्ट लावली होती, ती म्हणजे वच्छलाबाईंच्या बचत गटाचं मलम.

हे मलम नांदूरघाटात घरोघरी होतं. करडईचं तेल, मधमाशीचं मेण, हळद आणि कोरफडीचा गर. वच्छलाबाईंनी वीस वर्षं ऊस तोडला होता. पाचटानं चिरून निघालेले हात कसे ठणकतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या हातांसाठीच त्यांनी हे मलम शिजवायला घेतलं आणि बघता बघता आठ बायांचा गट जमला. यंदा दसऱ्यानंतर ऊसतोडीला फडावर निघणाऱ्या तालुक्यातल्या सगळ्या बायांना हेच मलम द्यायचं, असं एका संस्थेनं ठरवलं होतं.

सोमवारी दुपारी स्वप्नालीची आई साखराबाई वच्छलाबाईंच्या अंगणात आली आणि आठही बायांदेखत तिनं डबी दगडावर उपडी आपटली.

"माज्या लेकीचं तोंड जाळलं तुमी! कुणाचं काय वाकडं केलतं तिनं?"

वच्छलाबाई उठल्या. त्यांनी चुलीत पाणी ओतलं, मातीतली डबी उचलली आणि पदरानं पुसली. तळाशी आणि कडेला चिकटलेलं मलम तेवढं राहिलं होतं. अर्धा चमचा असेल नसेल.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या एसटीनं केजला गेल्या. शाळेपासूनची मैत्रीण विजयमाला तिथं राहायची. वच्छलाबाईंनी तिच्यासमोर दोन डब्या ठेवल्या. एक स्वप्नालीची, दुसरी त्याच दिवशी त्याच पातेल्यातून भरलेली.

"माले," त्या म्हणाल्या, "मी यात काय घातलं ते मला ठाव हाय. मी न घातलेलं काय हाय, ते कोण सांगल?"

२

विजयमालाताईंनी एकतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली होती. त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मुलांनी सांडलेलं पुसलं. शिकवायचं काम सरांचं. पण एकतीस वर्षं कान उघडे ठेवणाऱ्या बाईला बरंच काही समजतं.

त्यांनी दोन्ही डब्या खिडकीपाशी नेल्या. दुसऱ्या डबीतलं मलम पिवळंधमक होतं. स्वप्नालीच्या डबीतलं फिकट, दुधाळ.

"एकाच पातेल्यातलं?"

"एकाच. आमी आटीजणी तेच लावतो. कुणाला पुरळसुद्धा न्हाई."

"मग हे पातेल्यात नाही झालं, वच्छे. डबी घरी गेल्यावर झालं."

वच्छलाबाई दोन दिवसांत पहिल्यांदा नीट टेकून बसल्या. "पण लोकांना दाखवायचं कसं?"

विजयमालाताईंनी फोन घेतला आणि एका बोटानं सावकाश लिहिलं. देशभरातल्या चाचणी सेवांची यादी देणारं एक संकेतस्थळ उघडलं. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी दोनशे बारा नावं. पहिली सेवा माणसांच्या गालाला क्रीम लावून आठ आठवडे निरखणारी, दुसरी फक्त मोठ्या कंपन्यांची कामं घेणारी, तिसरी बाटलीचं झाकण किती दिवस टिकतं ते सांगणारी.

"अगं बाई, एवढ्यांना फोन कवा लावायचा?" वच्छलाबाई म्हणाल्या.

"नाही लावायचा. बाजूला फिल्टर दिलेत बघ."

"म्हंजी चाळण्या."

"चाळण्याच समज."

'महाराष्ट्र' वर खूण केली तशी यादी सत्तेचाळीसवर आली. 'एकच नमुना स्वीकारतात' म्हटल्यावर बारा राहिल्या. 'मान्यता चालू असलेल्या' वर बोट टेकवलं आणि सात उरल्या. शेवटचा फिल्टर होता, 'कशाची चाचणी हवी?' त्याखाली चौदा चौकोन. जंतू, बुरशी, शिसं, पारा, स्टिरॉइड, सुगंधी द्रव्यं आणि असंच पुढं.

सातांपैकी पुण्याच्या एका प्रयोगशाळेला त्यांनी फोन लावला. पलीकडच्या मुलीनं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, अर्ध्या चमच्यात एकच चाचणी खात्रीनं होईल. नमुना संपला की संपला. काय शोधायचं ते तुम्ही ठरवून कळवा."

चौदा चौकोन होते आणि खूण एकाच ठिकाणी करायची होती. विजयमालाताईंनी फोन खाली ठेवला. त्याच वेळी वच्छलाबाईंचा फोन वाजला. कुणीतरी एका कागदाचा फोटो पाठवला होता, आणि तो गावभर फिरत होता. 'बचत गटाच्या मलमात घातक जंतू.' खाली प्रयोगशाळेचा शिक्का.

३

कागद फिरवणारा होता प्रविण. नांदूरघाटच्या चौकात त्याचं जनरल स्टोअर होतं. विजयमालाताई दुपारी तिथं पोचल्या तेव्हा तो पंख्याखाली डबे लावत होता.

"अहवाल खरा हाय, ताई. शिक्का बघा की."

"शिक्का बघितला." त्यांनी फोन त्याच्यापुढं धरला. "आता ही यादी बघा. सौंदर्यप्रसाधनांवर खूण केली. दिसते का तुमची प्रयोगशाळा?"

प्रविणनं वरून खाली बघितलं. नव्हती.

"आता ती खूण काढते आणि 'पिण्याचं पाणी' वर करते." नाव पहिल्याच ओळीत आलं. "हे लोक विहिरीचं पाणी तपासतात. मलम कुणी तपासलं?"

प्रविणच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मेव्हणा हाय तिथं कामाला," तो हळूच म्हणाला. "त्यानं करून दिला कागद. गटाचं मलम आल्यापासून माज्याकडची क्रीम कोण विचारत न्हाई. पण ताई, त्या पोरीच्या तोंडाला मी हात लावला न्हाई. तिच्या घरचा उंबराबी मी कधी ओलांडला न्हाई."

ते खरं होतं. आणि डबी तर घरातच होती.

"पोरी तोंडाला आणखी काय काय लावतात?"

"लई काय काय लावतात. गोरं करायचं एक पांढरं मलम येतं, वर नाव न्हाई, गाव न्हाई. मी असला माल ठेवत न्हाई. मांजरसुंब्याला गाड्यावर मिळतो."

म्हणजे जंतूंचा कागद खोटा निघाला. पण त्यामुळं जंतू नव्हतेच असंही सिद्ध होत नव्हतं. चौदातला एकही चौकोन अजून खोडता येत नव्हता.

४

स्वप्नालीच्या घरी म्हातारी आजी भिवराबाई दारातच बसली होती. तिनं विजयमालाताईंचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं आणि एकटीच बोलत राहिली. लेकानं लई काबाडकष्ट केलं. मनगट धरतं त्याचं. गेल्या श्रावणात कपिलधारला गेलतो, तवा त्याला तांब्याची अंगठी घेतली, तवापासनं एकदाबी काढली न्हाई. नातीचं लग्न बगायचं म्हणून मी हाय अजून. आणि आता हे असं.

साखराबाईनं चहा ठेवला, पण नजर वर केली नाही. "वच्छलाबाईनं धाडलं का तुमाला?"

"वच्छलाचं चुकलं असलं तर तेही सांगीन," विजयमालाताई म्हणाल्या.

स्वप्नाली आतून ओढणी तोंडावर घेऊन आली. बावीस वर्षांची, सरळ बोलणारी पोरगी. रोज रात्री ती मलम आधी हाताला चोळायची, मग तोंडाला. डबी आरशाखालच्या फळीवर असायची. घरात येणारं-जाणारं कोण? आई, आजी, शनिवारी घरी येणारे आप्पा. आणि शेजारच्या बायनाकाकू. त्या रुखवताला मदत करायला यायच्या.

बायनाबाई. गटातून भांडून बाहेर पडलेली, वच्छलाबाई बोलल्या होत्या ती.

"आणि मावशी, जीवननं तर हद्दच केली." स्वप्नालीनं डाव्या हाताची अंगठी काढली. "साखरपुड्याची हाय. सोनं म्हणून दिली. आता बघा."

अंगठीच्या पिवळ्या सोन्यावर एका बाजूनं पांढुरका, कळकट डाग पडला होता.

"खोटी अंगठी घातली माज्या लेकीला," साखराबाई फणकारली. "मी जीवनच्या घरी उद्याच निरोप धाडणार हाय."

विजयमालाताईंनी अंगठी उजेडात धरली. त्यांना वीसेक वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. प्रयोगशाळेत तापमापक फुटला होता आणि रसायनशास्त्राच्या सरांनी घाईनं फरशीवरचे थेंब हातानं गोळा केले. संध्याकाळी सर आपल्या लग्नातली अंगठी बघत बसले होते. ती अशीच पांढरी पडली होती.

"साखराबाई, निरोप धाडू नका. अंगठी खरी आहे. खऱ्या सोन्यालाही असा डाग पडतो."

त्यांनी फोन काढला आणि चौदा चौकोनांतल्या एकावर बोट टेकवलं. पारा.

तेवढ्यात दारात सावली पडली. लेकीचं कळल्यावर स्वप्नालीचा बाप उत्तरेश्वर शनिवारची वाट न बघता आला होता. उन्हाळ्यात तो मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर भट्टीशी कामाला असे. उंच, वाकलेला माणूस. तो भिंतीला टेकून बसला आणि बोटातली पांढरी चकचकीत अंगठी नुसती फिरवत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "तोंड पयल्यासारकं होईल का तिचं?"

"होईल. फळीवरचं काहीही आता लावायचं नाही. उद्या बीडला कातडीच्या डॉक्टरांकडं न्या, आणि पारा असण्याची शंका आहे असं त्यांना सांगा."

चहा संपेपर्यंत त्यानं तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. बाकी काहीच नाही. कशामुळं झालं, कुणी केलं, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

५

बायनाबाई आपल्या परसात भेंडी निवडत होती. दर बुधवारी ती मांजरसुंब्याला भाजी विकायला न्यायची, हेही विजयमालाताईंना कळलं होतं.

"भांडण झालतं, हाय अजून," बायनाबाई म्हणाली. "मेण कमी घाला म्हनलं तर वच्छलानं समद्यांपुढं माजं तोंड बंद केलं. पण ते तिचं न् माजं. पोरीशी मी कावून वाकडं वागू? तिची रुखवतातली तोरणं मी करतीय."

तिनं आत जाऊन ती आणून दाखवली. हिरव्या-लाल मण्यांची, एकेक मणी मोजून ओवलेली.  विजयमालाताईंनी तिच्या हातांकडंही नीट बघितलं. काचेच्या बांगड्या, आणि बोटात पितळेची एक जुनी वेढणी, वापरून काळपट झालेली.

दोन्ही डब्यांचे नमुने पुण्याला गेले. नवव्या दिवशी अहवाल आला.

वच्छलाबाईंच्या डबीत पारा नाही. स्वप्नालीच्या डबीत आहे, आणि भरपूर.

"आता गावात ओरडून सांगते!" वच्छलाबाई उठल्याच. "ती बायनाच. बुधवारी मांजरसुंबा, न् बाकी दिवस त्या घरात. दुसरं कोण?"

"बस, वच्छे." विजयमालाताईंनी त्यांचा हात धरला. "दोन दिवस थांब. ओरडून सांगण्यासारखं हे नाही."

"कावून?"

"कारण ज्यानं हे केलं, त्याला ती पोरगी तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त प्यारी आहे."

६

मांजरसुंब्याच्या ढाब्यामागं कडुनिंबाखाली बाज होती. दुपारची गर्दी ओसरली होती. उत्तरेश्वर हात पुसत आला आणि विजयमालाताईंना बघून उभाच राहिला.

"बसा, उत्तरेश्वर. तुमच्या आईनं सांगितलं, तुमच्या बोटात तांब्याची अंगठी आहे. श्रावणापासून काढली नाही."

"व्हय."

"तांबं तांबडं असतं. तुमची अंगठी चांदीसारखी पांढरी झालीय. ओलसर मलमातला पारा तांब्याला लागला की असा लेप बसतो. स्वप्नालीच्या सोन्याला डाग पडला तो लावताना. पण तुम्ही मलम लावत नाही. तुमचं बोट डबीत गेलं ते कालवायला." त्या थांबल्या. "बायनाबाईंच्या पितळेतही तांबंच असतं. त्यांची वेढणी काळपटच आहे. आणि त्या दिवशी घरात जो तो कुणाला तरी दोष देत होता. तुम्ही सोडून."

उत्तरेश्वरनं अंगठी फिरवायची थांबवली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

"जहर नव्हतं घालायचं मला," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"साखरपुड्याला मी पान द्यायला गेलतो. पोराची आत्या कुणाला तरी म्हनली, पोरगी नाकीडोळी चांगली हाय, रंगानंच मार खाल्ला." त्यानं मान खाली घातली. "ताई, ती दीड महिन्याची हुती तवा आमी तिला फडावर नेली. उसाच्या सावलीला निजवायचो. सावली सरकायची. मुकादम डोक्यावर उभा, कोयता टाकून कसं उठायचं? मोळी बांधून येऊन बगावं तर लेकरू उन्हात, घामानं निथळतंय. एकदा न्हाई, चार वर्सं. तिचा रंग मी जाळला. म्या जाळला तर म्याच परत द्यावा, असं वाटलं."

"तिच्या हातात का नाही दिलं ते मलम?"

"काय म्हनून देऊ? बापानं लेकीला काळी म्हनायचं?"

विजयमालाताईंनी बाजेवर सरकून त्याला शेजारी बसवलं. 

"वच्छलाचं नाव गेलंय," त्या म्हणाल्या. "चूल बंद आहे. बायनाबाईंवर संशय आहे. मी तोंड उघडणार नाही, उत्तरेश्वर. पण कुणीतरी उघडायला हवं."

७

शनिवारी सकाळी वच्छलाबाईंच्या अंगणात गटाच्या बाया जमल्या होत्या. उत्तरेश्वर आला. बायनाबाईलाही त्यानं बोलावून आणलं होतं. चपला बाहेर काढून तो बायांपुढं उभा राहिला आणि हात जोडून त्यानं सगळं सांगितलं. गाडा, पांढरी ट्यूब, डबी, फड, सगळं. सांगताना एकदाही अडखळला नाही. बहुतेक रात्रभर मनाशी म्हटलं असावं.

 साखराबाईनं पदर तोंडात कोंबला होता. वच्छलाबाई उठल्या आणि आधी बायनाबाईपाशी गेल्या.

"मी मनात तुला चोर ठरवलं हुतं, बायना. चुकलं माजं."

"मेण बी कमी घालशील का आता?" बायनाबाई म्हणाली आणि दोघीही डोळे पुसायला लागल्या.

स्वप्नाली दाराआड उभी होती. ती बाहेर आली. सूज उतरली होती, पण गालांवर अजून डाग होते. तिनं ओढणी घेतली नव्हती.

"आप्पा, वर बघा."

तो बघेना.

तिनं सरळ बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि दंड बापापुढं धरला. "हितं कधी ऊन लागलं? लागलं का? मग हितला रंग बघा. माज्या हाताचा बघा, मानेचा बघा. समदा एकच हाय. आता आजीचा दंड बघून या. माजा रंग उन्हाचा न्हाई, आप्पा. तुमच्या आईचा हाय. तुमी कायबी जाळलं न्हाई."

उत्तरेश्वरनं त्या दंडाकडं बघितलं. बावीस वर्षं जे डोक्यात धरून बसला होता, ते असं एका सकाळी पोरीनं बाही वर करून मिटवलं. तो खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडला. स्वप्नाली त्याच्या शेजारी मांडी घालून बसली आणि त्याचं दुखरं मनगट चोळत राहिली.

जीवनला तिनं स्वतः फोन करून सगळं सांगितलं. संध्याकाळी तो मोटारसायकलवर आला, अंगठी सोनाराकडून साफ करून आणतो म्हणाला. जाताना उंबऱ्यात थांबला. "आत्याशी मी बोललो," एवढंच म्हणाला, आणि कानापर्यंत लाल होऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी चूल पेटवली.

लग्न ठरल्या दिवशीच लागलं. डॉक्टरांनी तोंडाला काहीही लावू दिलं नव्हतं, त्यामुळं नवरी हळद तेवढी अंगाला लावून, गालावरचे फिकट डाग तसेच घेऊन बोहल्यावर चढली. विजयमालाताई पुढच्याच ओळीत बसल्या होत्या.

जेवणावळी उठल्यावर फोटोग्राफर लॅपटॉप घेऊन उत्तरेश्वरकडं आला. पडद्यावर स्वप्नाली हसत होती, सगळे दात दाखवून.

"मामा, नवरीचा रंग जरा उजळून देऊ का? डागबी जातील. एका बटणाचं काम हाय."

उत्तरेश्वर पडद्याजवळ वाकला. 

"नगं," तो म्हणाला. "हाय तशीच मोठी काड. भिंतीला लावायची हाय."